राब भाजणार का?

१४ मे, बुधवार

हिर्डोशीची एसटी आजही आली नाही. अर्ध्या वाटेपर्यंत टेम्पो, पुढे चालत, काखेत फॉर्मचा गठ्ठा. पाय नुसते ठणकतायत! फॉर्म संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातून महिनाभर उशिरा निघाले आणि धावाधाव माझी.

सोळा घरं. प्रत्येक घरात तेच पुराण — भाताच्या रोपासाठी राब भाजू नका. वाफ्यावर फांद्या, पाला, शेण रचून जाळू नका, रान बोडकं होतं. त्यापेक्षा आमच्या पत्र्याच्या भट्टीत घाणेरीची झुडपं घाला, झाकण लावून कोळसा करा, तो वाफ्यात मिसळा. त्यातला कार्बन शंभर वर्षं मातीतच राहतो. यावर गावातला हनुमंत म्हणाला, "ऱ्हाईल की. आमी कुठं असू तवा?" सगळे हसले. मीही हसले, पण घसा पार बसला होता.

मग फॉर्म. सातवा प्रश्न मी स्वतः मराठीत आणलाय, म्हणून जरा ऐटीत वाचते — राब भाजणार का? सगळे म्हणाले, नाही. सोळाच्या सोळा! एवढं सोपं कसं, हा विचार करायचंही त्राण नव्हतं.

उलट प्रश्न केला तो फक्त धोंडाबाईंनी. सत्तरीच्या, एकट्या, भाताची दोनच खाचरं. म्हणाल्या, "आन् रोप न्हाई आलं तर? वरीसभर खायाचं काय म्या?" मी म्हटलं, येईल आजी. कशाच्या जोरावर म्हटलं कुणास ठाऊक. मी भाटघरची, धरणाखालच्या उसातली. भाताचं मला काय कळतं!

"बरं," म्हणाल्या. "भाजणार न्हाई."

२ जून, सोमवार

धोंडाबाईंचा वाफा पाहिला. काळाकुट्ट! कोळसा छान मिसळलाय. फोटो काढून ऑफिसला पाठवला. येताना पुन्हा चालत.

११ जून

कणकण आहे. काही लिहीत नाही.

३० जून, सोमवार

रोप वीतभर झालंय! सोळाही वाफ्यांत. दाट, हिरवंगार, तण औषधालाही नाही. जीव भांड्यात पडला. महिनाभर डोळा लागला की धोंडाबाईंचा तो प्रश्न आठवायचा.

त्यांनी चहा दिला. "लई वाळलीस गं पोरी," म्हणाल्या. मला एकदम रडूच आलं. बरं झालं, का ते विचारलं नाही त्यांनी.

४ जुलै, शुक्रवार

पुण्याच्या ऑफिसातून सुप्रिया मॅडमचा फोन. हिर्डोशीचे फोटो कुठल्याशा परदेशी परिषदेत दाखवले म्हणे. "सुलक्षणा, सोळापैकी सोळा! असा निकाल अजून कुणाचाच नाही."

पुढच्या वर्षी गुंजवण्याच्या बाजूला एकशे चाळीस घरं. आणि या खेपेला उशीर नको — माघातच जायचं, राब रचूच द्यायचा नाही. मंगळवारी तिथे पहिली बैठक, अनुभव सांगायला धोंडाबाई. आधी भीतीच वाटली. निम्मी वावरं धरणात गेलेली तिथली माणसं, उरलेल्या खाचरांवर त्यांचं वर्ष निघतं. पण खोटं कशाला लिहू? आनंदही झाला. अकरा वर्षं या डोंगरांत पाय झिजवतेय, एकदा तरी माझ्या हातून काही झालं!

७ जुलै, सोमवार

उद्याचं सांगायला धोंडाबाईंकडे गेले. लावणीसाठी रोप उपटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या लोकांस्नी राब बंद करा म्हनू नगंस. भाजल्याबिगर आसं रोप येतं व्हय कुठं?"

"पण आजी, तुम्हीच म्हणालात ना, भाजणार नाही!"

"मग? चैतातच भाजला व्हता की. समद्यांनीच. वरनं तुजा कोळसा टाकला. तू इचारलंस भाजणार का, म्या न्हाई म्हनले. खोटं न्हाई बोलत म्या."

भाजणार का. भाजला का, हे विचारायचं मला सुचलंच नाही! भाजलेली मातीही काळी, कोळसाही काळा.

बांधावरूनच मॅडमना फोन लावला. म्हटलं, सोळापैकी शून्य.