अंगठ्याची भानगड

३ मे
नाही, विमान बांधायच्या आराखड्यांचं पुस्तक नाही वाचलं मी. कशाला वाचू? जन्मभर ट्रॅक्टर उघडले, दूध काढायची मशिनं उघडली, तेव्हा कुणी पुस्तक दिलं होतं? विमान म्हणजे तरी काय, दोन पंख आणि मधे खुर्ची. गाई विकल्या तेव्हापासून रिकाम्या गोठ्यात बांधतोय, अकरा वर्षं. आता चालवायचा दांडा, तारा आणि तो टीव्हीसारखा स्क्रीन बसवला की संपलं. आठवड्याचं काम.

१० मे
आठवडा झाला. दांडा बसला. बाकीचं राहिलं, कारण लोक सारखे बोलायला येतात.
काल शुक्रवारचा तळलेला मासा खायला सगळे हौशी विमानवाल्यांच्या क्लबात. सांगून टाकलं, जूनमधल्या विमानतळावरच्या पॅनकेकच्या नाश्त्याला तुम्ही या मोटारीनं, हा डेल्मर आणि त्याची बायको व्हर्ना वरून उतरतील. व्हर्ना म्हणाली, अकरा वर्षं ऐकतेय, त्यासाठी नवी पँट घेतली तर वाया नाही ना जाणार? म्हटलं, घे. आज घेतली. निळी.

१७ मे
स्क्रीन. नुसता वैताग. विमान कसं कललंय ते ओळखणारा त्याचा एक डबा असतो, त्यावर बाण, तो बाण म्हणे नाकाकडेच हवा. तसा बसवला तर वायर पुरेना. उलटा बसवला. वीज काय बाण बघून वाहते?
चालू केला. विमान शेपटावर टेकलंय, नाक वर, आणि स्क्रीन म्हणतोय नाक खाली! माल भिकार. हल्ली सगळाच भिकार. वर चिकटपट्टी मारली. आकाश डोळ्यांना दिसतंच की.

२४ मे
ऑर्लन आला. क्लबातर्फे घरी बांधलेली विमानं बघत फिरतो. चिकटपट्टी पाहून एरंडेल प्याल्यासारखं तोंड केलं. मग प्रवचन. पंखांच्या मागे हलत्या फळ्या असतात ना, त्यांना तारा जोडल्यास की दांडा धर, अंगठा वर ठेव, दांडा कलव. अंगठा ज्या पंखाकडे झुकेल, त्याच पंखाची फळी वर उठली पाहिजे; फळी वर, तर तो पंख खाली. दर वेळी बघायचं म्हणे.
बालवाडी!
त्याला बाहेर नेलं. गवताची गाडी ट्रॅक्टरनं मागे घेत एका दमात कोठारात घातली. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडे. म्हटलं, हे हातात असतं, अंगठ्यात नाही.
ऑर्लन म्हणाला, डेल्मर, म्हाताऱ्या, कोठार उडत नाही रे.
जळतो.

३१ मे
तारा जोडल्या. आधी पुस्तकातल्या चित्राप्रमाणे. दांडा डावीकडे, डावी फळी वर. हाताला पटेना. चित्र काढणाऱ्यानं आयुष्यात कधी गाडी मागे घेतली असेल? तारांची अदलाबदल केली. आता दांडा डावीकडे, उजवी फळी वर. हात म्हणाला, हां, आता कसं!

७ जून
ऑर्लनचा फोन. अंगठा बघितलास का? म्हटलं, बघितला. खोटं नाही. माझाच अंगठा आहे, रोज दिसतो.

१२ जून
आज उडायचं नव्हतंच. घरामागच्या गवताच्या पट्टीवर नुसतं पळवायचं होतं. व्हर्ना निळी पँट घालून हजर. म्हटलं, आज एकटा. ती कुंपणाशी उभी राहिली.
वारा डावीकडून. चांगलं पळत होतं. डावा पंख जरा उचलला. त्याला खाली दाबायला दांडा डावीकडे केला. आणखी उचलला. आणखी डावीकडे केला. उजव्या पंखाचं टोक जमिनीत, विमान गर्रकन फिरलं आणि थेट शेणाच्या ढिगात.
मला काही झालं नाही. व्हर्ना धावत आली, हातपाय चाचपून पाहिले, मग म्हणाली, गाई विकून बरीच वर्षं झाली, शेण मात्र वाट बघत होतं.
वाऱ्याची चूक.

१५ जून
नाश्ता. वचन दिलं होतं म्हणून विमान नेलं, गवताच्या गाडीवर दोर बांधून, ट्रॅक्टरमागे. रविवारी सकाळी सगळ्या गावातून. व्हर्ना आधीच निळी पँट घालून विमानात बसली होती. उतर म्हटलं, उतरेना. म्हणाली, मी वरून येणार होते ना? ही काय, वरच आहे. रस्ताभर लोकांना हात करत आली.
विमानतळावर जागा एकच उरलेली, दोन मोटारींच्या मधे. गाडी मागे घेतली. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडे. तिथे हात एकदम थांबला. तारा याच हातानं जोडल्या होत्या. वर बघितलं. व्हर्ना त्या खुर्चीत, दांडा धरून, हसत.
गाडी घातली. एका दमात. सगळ्यांनी पॅनकेक सोडून टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांतल्या पहिल्या.
ऑर्लन जवळ आला, नुसता अंगठा वर केला.
त्यावर मी काय म्हणालो ते लिहिणार नाही. विमानाचं पुढे काय, तेही नाही. विचारू नका.