गोड्या पाण्यातला आवाज

३ फेब्रुवारी
शार्कच मला एवढे का आवडतात? आमच्या घरात कुणी समुद्रही पाहिलेला नाही, आणि मी सातवीपासून वहीच्या मागच्या पानांवर शार्कचे दात काढत आले. घरातली पहिली पदवीधर मी. निघताना आत्या म्हणाली, एवढं शिकून शेवटी मासेच मोजणार का गं! बाबा शिलाईमशीन थांबवून खूप वेळ हसले. आज या संशोधन केंद्रात रुजू झाले. खाली काचेची टाकी, वर माझी खोली, मागच्या दारातून थेट समुद्रात उतरणाऱ्या पायऱ्या. उगीचच गाणं म्हणावंसं वाटतंय.

५ फेब्रुवारी
काम शिकले. शार्कला बोटीच्या कडेला घेऊन उताणं केलं की ती निपचित पडते. तेवढ्यात पंखाजवळ आवाज सोडणारा, बॅटरीवरचा टॅग बसवायचा आणि तिला सोडून द्यायचं. प्रत्येक टॅगचा आवाज निराळा. माइक पाण्यात सोडला की रिसीव्हरवर ऐकू येतो. परतल्यावर माइक बादलीत, गोड्या पाण्याने विसळायचा. केंद्रप्रमुख मॅडमचा नियम एकच: मादीचं पोट फुगलेलं दिसलं, तर टॅग विसरा. मॅडम सध्या परगावी आहेत. नावाडीमामा मला मास्तरीणबाई म्हणतात. शार्कचे दात मोजून झाले की आमच्या सासूबाईंचेही मोजा, म्हणाले.

९ फेब्रुवारी
माझी पहिली शार्क. पोट फुगलेलं होतं. दिसलं मला. तरी म्हटलं, मामा, जरा धरा. टॅग बसला: तीन तुटक, एक लांब. आणि माझ्या हातांवर तिची पिल्लं निसटली, अवेळी. एक निपचित तळाला गेलं. दुसरं ओंजळीत वळवळत होतं. आई तशीच निघून गेली. पिल्लू टाकीत ठेवलंय. ते जगलंच पाहिजे.

१३ फेब्रुवारी
पिल्लू काही खात नाही. मी हात घातला की मात्र तळव्याला येऊन टेकतं.
त्याची आई आज किनाऱ्याला लागली. मेलेली. मामांनी टॅग कापून आणला. मी त्यातली बॅटरी काढून ठेवली.

१४ फेब्रुवारी
दुपारी बादलीत माइक विसळताना रिसीव्हरवर आवाज आला. तीन तुटक, एक लांब.
यंत्र बिघडलंय, दोन चापट्या मारा, मामा म्हणाले. मारल्या. गप्प झालं. पण तेव्हा माझा हात पाण्याबाहेर होता —

१६ फेब्रुवारी
माझा हात बादलीत असला की आवाज येतो. मामांनी हात घालून पाहिला. काहीच नाही. या वेळी ते हसले नाहीत. उद्यापासून बोटीला दुसरं कुणी बघा, म्हणाले.

१७ फेब्रुवारी
पिल्लाची कातडी सैल पडलीये. मी जिना चढले की काचेला तोंड लावून वर येतं. उतरले की खाली. समुद्रात सोडलं तर जगेल. जगायला हवं.

१८ फेब्रुवारी
सोडलं. जात नाही. पाण्यातल्या पायरीवर माझ्या पावलांभोवती फिरतं. मी पायरी चढले — पोट वर करून तरंगायला लागलं. पाय पुन्हा पाण्यात घातला — पोहायला लागलं.
बाबांचा फोन. ब्लाऊजचं माप विचारत होते. सैलच शिवा म्हटलं.

तोच दिवस
मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. किल्ली पाण्यात फेकली. पाणी कमरेला आलंय, वही उंच धरलीये. पिल्लू माझ्या मांडीला तोंड लावून खातंय. पहिल्यांदाच खातंय. दुखत नाही — माइक पाण्यात सोडलाय, गळ्यातला रिसीव्हर वाजतोय, तीन तुटक, एक — आणि लांबून, सगळीकडून, तसेच आवाज, कितीतरी —