मेलिसच्या घराला दुवा

मॉस्को, ३ जुलै २००४

ती. सिरगाकदादास,
धाकट्या बेगायिमचा सा. न. वि. वि.

आईचा निरोप पोचला. तू पुन्हा घर सोडून मेंढपाळांमागे भटकतोयस म्हणे. पायात बूट तरी धड आहेत का? मी बरी आहे. शिलाईच्या कारखान्यात दिवसभर बाह्या जोडते. माणसं दिसतच नाहीत, नुसत्या बाह्या.

एक काम कर. मेलिस तुझा मित्र, म्हणून तुलाच सांगते. माझ्याशी लग्नाचं त्यानेच काढलं, ‘तू परत येईपर्यंत थांबेन’ असंही मला तोच म्हणाला, आणि वसंतापासून त्याची चिठ्ठी नाही. त्याला गाठून सरळ विचार. इथे राहते की परत जाते, ते मालकिणीला हिवाळ्याआधी सांगायचंय. वाटेत कुठे रमू नकोस, तुझा भरवसा नाही.

लोभ असावा, आणि जरा घाईही असावी.
तुझी बेगायिम


आराशान, ९ ऑगस्ट

चि. बेगायिम हिस,
अनेक आशीर्वाद.

मेलिसला गाठलं. गावात नको, वर अला-कोल तळ्यावर जाऊन येऊ म्हणाला, एका दिवसात. मला वाटलं, लाजतोय. पहाटेच निघालो. कुरणात एक मार्मोट बिळावर उभा राहून शिट्ट्या मारत होता. मेलिस म्हणाला, तुझा सासरा बोलावतोय बघ. मी म्हटलं, माझं सोड, तुला तर माझी आईच सासू मिळणार आहे. तो हसला नाही. मी तिथेच ओळखायला हवं होतं, पण तेवढ्यात दुसरा मार्मोट निघाला.

खिंडीखाली नुसता घसरता मुरूम. दोन पावलं वर गेलं की एक खाली. डोकं ठणकत होतं. शेवटी त्याने मनगट धरून मला वर ओढलं. तळं हिरवंगार, आणि पाणी असं की हात घातला तर बोटं आपली वाटेनात. कणकेचे बोरसोक तळून आणले होते त्याने, सुकवलेल्या दह्याचे खारट कुरुतही. पोटभर खाल्लं.

मग म्हणाला, घर बांधतोय, भिंती झाल्या, छप्पर राहिलंय. तू माझ्याहून मोठा, इथे दुसरं वडीलधारं कुणी नाही, तेव्हा दुवा दे. ते घर उद्या तुझंच, बेगायिम, असं मी धरून चाललो. तळवे उघडले आणि मनापासून दिली: चूल विझू नये, उंबरा लेकरांनी झिजवावा, येणाऱ्या सुनेचे केस त्याच छपराखाली पिकावेत. दोघांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

त्यानंतर त्याने सांगितलं. वसंतातच त्याच्या आईने खालच्या गावातल्या एका मुलीच्या कानांत कर्णफुलं घातली. सोयरीक पक्की. मॉस्कोत एकटी राहिलेली सून नको, असं आई म्हणाली आणि त्याला तोंड उघडता आलं नाही. आपल्या घरची हाय त्या घराला लागू नये, म्हणून आधी दुवा घेतली.

दिलेली दुवा परत घेता येत नाही, तुला माहीतच आहे. त्याला तळ्यात ढकलावंसं वाटलं. पण उतरताना माझा गुडघा गेला, आणि त्यानेच मला खाली आणलं. शिव्या तोंडात होत्या, हात त्याच्या खांद्यावर.

उद्या नारिनकडे निघतोय, घोडे हाकायला. रागावलीस तरी लिही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा दादा सिरगाक


मॉस्को, २ सप्टेंबर

ती. दादास,
बेगायिमचा नमस्कार.

पत्र मिळालं. मालकिणीला सांगितलं, राहते. आईला म्हणावं, काम फार आहे.

तुला विचारायला पाठवलं होतं. कुरणात विचारता आलं असतं, मुरुमात विचारता आलं असतं, निदान घास घेण्याआधी तरी. तू मार्मोट बघत बसलास. मेलिसला एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवलंय. म्हणून त्याच्या वाटचंही तूच ऐक: दोघांना मिळून माझी एवढीच भीती वाटली? माझी हाय लागेल म्हणून एवढा डोंगर चढलात?

नारिनला पळू नकोस. घराला दुवा देणाऱ्याला लग्नाचं बोलावणं येतंच. जा. मानाच्या जागी बसवतील, मेंढीचं डोकं पुढे ठेवतील, ते नीट कापून वाट. नव्या नवरीला माझ्याबद्दल काही बोलू नकोस, तिचं काय चुकलं? आपल्या घरातलं कुणीतरी त्या घरात जायलाच हवं होतं.

आहे तेवढा लोभ पुरे.
बेगायिम