जवळचा धुरा

प्रिय आत्याबाईले शेंदूरजनाघाटहून नागसेनचा सप्रेम जयभीम.

गुडघा कसा हाये? तेल लावून राहिल्या, की बाटली नुसती खिडकीत ठेवली? आमी इकडे मजेत. (फोनवर तुमी मधातच रागावता, म्हणून पत्र.)

तुमी अकोल्याची सोयरीक सुचवली आणि गुडघ्यापायी सोबत आल्या नाही, तिथंच घोळ झाला. पोरगी, म्हणजे दीपमाला, मले पसंत हाये. लय पसंत हाये! ती कॉलेजात गणित शिकवते, तवा बोलाले काहीतरी पाहिजे म्हणून जाताना गाडीत मी मोबाईलवर 'संदर्भ कोन' शिकून घेतला. (दहावीनंतर गणित सोडलं, डोकं नाही सोडलं.) कोन कितीही फिरो, रेषेपासून तो किती हटला तेवढं मोजायचं. कोणत्या रेषेपासून, हे मास्तर सांगणार तेवढ्यात मोर्शीजवळ रेंज गेली. पण आपण संत्रावाले लोकं! झाड कुठं हाये हे आपण शेताच्या जवळच्या धुऱ्यापासून, म्हंजे बांधापासून मोजतो, मंग तो उभा असो का आडवा. इथंही तसंच असणार, असं मी ठरवून टाकलं.

चहा झाल्यावर विषय मीच काढला. दीपमालानं गमतीनं एकशे पस्तीस अंशाचा विचारला. मी फाडकन सांगितलं, पंचेचाळीस. बरोबर! तिचे बाबूजी खुर्चीत सरसावून बसले, आईनं आणखी चिवडा आणला. तिथंच थांबलो असतो तर या पत्रासोबत पेढे असते. पण मी म्हटलं, अजून एक विचारा. तिनं एकशे वीसचा विचारला. नव्वदवरची उभी रेष जवळ, म्हणून मी छाती फुगवून सांगितलं, तीस. ती म्हणाली, "कुठून मोजलं तुमी?" मी म्हटलं, "जवळच्या धुऱ्यापासून." ती अशी हसली का तिले ठसका लागला आणि ती आत पळाली. बाबूजी म्हणाले, कळवतो. आत्याबाई, पद्धत माहीच सोपी हाये, गणितवाल्यायनं विचार करावा. पण ते 'कळवतो' ऐकल्यापासून मले जेवण गोड लागून नाही राहिलं.

तुमचाच,
नागसेन

ता. क. उत्तर साठ होतं. फक्त आडव्या रेषेपासूनच मोजतात म्हणे, उभी कितीही जवळ असो. एकशे पस्तीस दोघींच्या बरोब्बर मधात पडते, म्हणून तिथं निभावलं.

आणखी ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता दीपमालाचा मेसेज आला: "तीनशे अंशाचा सांगा. बरोबर आला तर रविवारी या. चुकला तरी या, शिकवीन." पूर्ण चक्कर तीनशे साठची, आडव्या रेषेले साठ कमी. मी साठ लिहून पाठवलं. तवा गुडघा दुखो का काही होवो, रविवारी तुमी यायचंच. माह्या बाजूले बसा, आणि मी 'अजून एक विचारा' म्हणाले तोंड उघडलं का जोरात चिमटा घ्या.