डाव्या कानावरची वाटी

१२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन वाजला की तुम्ही तो आईच्या हातात कोंबता आणि पत्रात सविस्तर लिही म्हणता. तेव्हा घ्या सविस्तर.

आमची वर्षाची मेडिकल झाली. डोळे, रक्तदाब, सगळं ठणठणीत. कानांसाठी एका बंद खोलीत बसवून बारीक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. उजवा कान शहाण्यासारखा वागला. डाव्याला मी अंदाजपंचे बटण दाबत होते. डॉक्टरीणबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. उंच सूर मला उशिरा ऐकू येतात म्हणाल्या. सहा महिन्यांनी पुन्हा बघणार. कान तेवढाच राहिला तर ठीक, आणखी खाली गेला तर माझं विमान उडवणं बंद. आईला यातलं एक अक्षरही सांगू नका.

आधी हेडसेट बदला, असा त्यांचा हुकूम आहे. कंपनीचा हेडसेट म्हणजे डोक्यावर पाटा ठेवल्यासारखा. आमचं विमान पंख्यांचं, दिवसाला सहा फेऱ्या, चौथीला कानशिलं ठणकायला लागतात. स्वतःचा हेडसेट वापरायला परवानगी आहे. तीन पाहून ठेवलेत, तिन्ही नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे इंजिनाची घरघर मारून रेडिओवरचं बोलणं तेवढं ठेवणारे. पहिला कानावर नुसता टेकतो, पिसासारखा हलका. दुसरा कान अख्खा झाकतो, थोडा जड, तरी कंपनीच्यापेक्षा निम्मा. तिसऱ्याची बोंडं कानात खुपसायची. दुकानदार तिन्ही आठ-आठ दिवस वापरून बघायला देतोय. तुमचा जन्म इंजिनांपाशी गेला, तुम्हीच सांगा कुठला घेऊ.

आईला नमस्कार. तुमचा राग आणि लोभ दोन्ही पाठवा, मला दोन्ही लागतात.

तुमची,
भिंगरी


१९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आईला सांगितलेलं नाही, पण मी चहात साखर घालायची विसरलो तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं खरं.

राग आधी पाठवतो. घरघर मारायची म्हणजे काय? एकतीस वर्षं मी इंजिनं दुरुस्त केली ती त्या घरघरीवरच. कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते मला हँगरच्या दारातून कळायचं. इंजिन बिघडलं की आधी आवाजात सांगतं, आणि तुम्ही त्याचं तोंड बंद करायला निघालात! मला ही खेळणी वाटतात.

आता लोभ. घ्यायचाच असेल तर दुकानात पाच मिनिटं डोक्यावर ठेवून आरशात बघू नकोस. घरी सलग दोन तास घाल, चष्म्यासकट. चष्म्याच्या काडीपाशी फट राहिली तर आवाज तिथूनच आत शिरतो. मान खाली घाल, वर कर, घसरतो का बघ. बॅटरी मुद्दाम काढ. ती संपल्यावर रेडिओ ऐकू आला पाहिजे, नाहीतर तो हेडसेट परत कर. जमिनीवर इंजिन चालू असताना घालून बघ आणि मेकॅनिकला विचार, त्याला जे ऐकू येतंय ते तुला येतंय का. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर, डब्यावर छापलेलं मी मानत नाही. आणि काम करताना प्रत्येक हेडसेट घालून फोटो काढ, कसा बसतो ते मी बघतो.

काळजी करू नकोस, असं लिहिणार होतो. पण मीच करतोय, तेव्हा वाटून घेऊ.

आईचे आशीर्वाद. मनापासून आठवण ठेवणारा,
बाबा


६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या हुकमाची तंतोतंत अंमलबजावणी झाली आहे. घरी दोन तास हेडसेट घालून भाजी निवडली, कपड्यांच्या घड्या केल्या. शेजारच्या काकू बेल वाजवून वाजवून थकल्या आणि मला काहीतरी झालं समजून त्यांनी घरमालकांना बोलावलं. दार उघडलं तर मी ही अशी. आता जिन्यात भेटल्या की त्या माझ्याशी खुणांनीच बोलतात.

बोंडांचा बाद. दुसऱ्याच फेरीला कानात खाज सुटली. बाकी दोन्ही पास. बॅटरी काढली तरी रेडिओ ऐकू येतो. आणि इंजिनाचं तोंड बंद होत नाही हो, बाबा. घुमणारी घरघर जाते, पण आवाज जरा चढला-उतरला की कळतं. आमच्या मेकॅनिकने मुद्दाम गती कमीजास्त करून माझी परीक्षा घेतली. पाचपैकी पाच!

माझा कल पिसासारख्याकडे आहे. तो पटकन सरकवता येतो. आमचे कॅप्टन हळू बोलतात, त्यांचं ऐकायला एक कान मोकळा लागतोच. मोठा हेडसेट सारखा सरकवणं म्हणजे व्याप आहे. पास झालेल्या दोघांचे फोटो सोबत जोडलेत. शेवटच्यात मी डोळे मिटलेत, पण तेव्हा विमान जमिनीवर होतं.

तुम्ही एवढा जीव लावून यादी केलीत, फार बरं वाटलं. अशीच नजर असू द्या.

तुमची,
भिंगरी


११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पाचही फोटो टेबलावर मांडून बसलो आहे. हेडसेट वेगवेगळे आहेत, पण पाचही फोटोंत डाव्या कानावरची वाटी कानामागे सरकवलेली आहे. डोळे मिटलेल्या फोटोतसुद्धा.

हे तू कुठून उचललंस ते मला ठाऊक आहे. कपाटातून माझा निवृत्तीच्या वेळचा फोटो काढून शेजारी ठेवला. मीही तसाच उभा आहे, कानांवरच्या संरक्षणाची डावी वाटी वर ढकलून. बेअरिंग ऐकायला एक कान उघडा लागायचा ना! शाळेतून परस्पर हँगरवर यायचीस तेव्हा खोक्यावर बसून तू माझी नक्कल करायचीस, आणि आम्ही सगळे हसायचो. मलाच तेव्हा केवढा अभिमान वाटायचा.

भिंगरे, माझा डावा कान कामातून गेला आहे. उजवाही निम्माच राहिलाय. मला फोनचा कंटाळा नाही. समोर असलीस की ओठांवरून कळतं, फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. सात वर्षं झाली. आई फोनवर ऐकते आणि मला सांगते. तुला कळू द्यायचं नाही, अशी मी तिला शपथ घातली होती. एकतीस वर्षं इंजिनं ऐकली आणि शेवटी लेकीचं बोलणं ऐकू येईना, हे मला कुणाला सांगवत नव्हतं.

तेव्हा पिसासारखा घेऊ नकोस. तो सरकवायला सोपा आहे, हाच त्याचा दोष. कान अख्खा झाकणारा घे. कंपनीच्याइतका जड असता तर तू तो काढलाच असतास, पण तो हलका आहे, सहा फेऱ्या डोक्यावर राहील. कॅप्टनसाहेबांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी माइकमधूनच बोलावं अशी एका मेकॅनिकची विनंती आहे म्हणावं. मी या हेडसेटना खेळणी म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.

ही सवय मी तुला लावली. मला माफ कर.

तुझा,
बाबा


१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं, तिन्ही वेळा रडले. माफी कसली मागता? त्याच हँगरमध्ये खोक्यावर बसून मला विमानाचं वेड लागलं. तुमच्या कानांच्या जिवावर मी शिकले, आज कॉकपिटमध्ये बसते. मी तुमचे उपकार मानायचे की तुम्हाला माफ करायचं?

अख्खा कान झाकणारा घेतला. कॅप्टन माइकमधून बोलतात. माझा हात सवयीने वर गेला की नुसतं 'मेकॅनिक!' असं दटावतात.

आता तुमची पाळी. कानाचं यंत्र घ्यायचं. दुकानात पाच मिनिटं लावून आरशात बघायचं नाही. घरी सलग दोन तास लावायचं, चष्म्यासकट. पुढची यादी तुम्हाला पाठ आहे. तुम्हाला माझी शपथ.

तुमच्यावर आता जास्तच जीव असलेली,
भिंगरी


२१ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पाच महिने मी टाळाटाळ केली, हे मान्य. शेवटी तीन यंत्रं पाहिली, दोन परत केली. तिसरं परवापासून कानात आहे. वरण उकळल्याचा आवाज येतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

आणखी एक कळलं. माझी नखं वाढलीत, मी तोच सदरा घालतो, पेपर पसरून ठेवतो, हे सगळं तू फोनवर सांगतेस असं आई मला सात वर्षं ऐकवत आली आहे. काल खोदून विचारलं तर तिने कबूल केलं, ते सगळं तिचंच होतं; तुझं नाव घेतलं की मी मुकाट्याने ऐकतो, म्हणून. तिच्यावर रागावणार होतो. पण सात वर्षं तुझा एकेक शब्द तिनेच माझ्यापर्यंत पोचवला, तेव्हा थोडी भेसळ तिला माफ आहे.

आज दुपारी तुझा फोन आला. आईने सवयीने हात पुढे केला, मी दिला नाही. तू बोलायला लागलीस ती आईच समजून, आणि आनंदाच्या भरात तिच्यापासून लपवायचंय हेही विसरलीस. बाबांना सांग, म्हणालीस, डावा कान जानेवारीत होता तेवढाच आहे, एक रेघही खाली गेला नाही, मी उडतेय म्हणावं. मग तू नाक ओढलंस. तेही ऐकू आलं.

मी नुसतं हं म्हणून फोन ठेवून दिला, त्याबद्दल हे पत्र. तू किती किती चांगली पोर आहेस, हे फोनवर सांगणं मला अजून जमणार नाही.

आईने विचारलं, काय म्हणते? तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग तिला शेजारी बसवलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तू फोनवर काय म्हणालीस ते मी तिला सांगितलं.

बाबा