दसऱ्यापर्यंत थांबायचं कसं

बाबा, आज मी फार चिडलेय, आणि निम्मा राग तुमच्यावर आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची सवय आमच्या तुये गावातल्या पिशव्यांच्या कारखान्यात ठाण मांडून बसलीय.

पाऊस सरून डिचोलीची खाण पुन्हा सुरू व्हायची तो दिवस आठवतो. ट्रक धुऊन उभे, त्यांना झेंडूच्या माळा. तुम्ही मुकादम, म्हणून सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचं ते तुम्हीच. एका वर्षी गोव्यात कोकणी की मराठी यावरून गावागावांत भांडणं पेटली होती, शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता, पण तुमच्या गाऱ्हाण्याला सगळे एका सुरात उभे. "बा देवा महाराजा, उतरणीच्या वळणार कठडो नाय, तुझ्या लेकरांचो जीव टांगणीक लागलो हा. तो कठडो साहेबाच्या मनात घाल रे महाराजा!" आणि सगळे ड्रायव्हर, सावंतवाडीकडचे आणि इथले, एकदम, "होय महाराजा!" शेजारी साहेब हात जोडून उभा. कठडा त्याच महिन्यात झाला. मला केवढा अभिमान वाटला होता! हे सरळ साहेबाच्या तोंडावर का सांगता येत नव्हतं, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

घरी तरी काय वेगळं होतं? मॅट्रिक झाल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहून म्हटलं, "बाबा, मला पुढं शिकायचंय." तुम्ही चहात पाव बुडवत होता. "तोंड वर करून बोलूक कोणी शिकयलां तुका?" एवढंच. मग दुसऱ्या दिवशी आई तुळशीला पाणी घालताना मोठ्यानं म्हणते, "तुळशीमाये, चेडवाक शिकायचां आसा, कोणाक सांगू गे?" लेकी बोले सुने लागे! चार दिवसांनी तुम्हीच कॉलेजचा अर्ज आणून माझ्यापुढं टाकलात. शिकवलंत, हे विसरले नाही. पण आईला तुळस मध्ये घालावी लागली, हेही विसरले नाही.

आता मी सुपरवायझर आहे. पिशव्या चिकटवायच्या गरम मशिनवर बायका काम करतात. धूर ओढणारा पंखा बंद पडला, तशा त्यांना घेऱ्या येऊ लागल्या. मी साहेबाला सांगितलं, परत सांगितलं. "मग मीटिंगमध्ये सगळ्या गप्प का? माझा दरवाजा सगळ्यांना उघडा आहे," म्हणाला. दरवाजा कसला उघडा, एसी लावून घट्ट बंद! तोही खोटं बोलत नव्हता म्हणा, मीटिंगमध्ये बायका फरशीकडं बघत बसतात. बाहेर नळावर आल्या की मात्र, "तूच सांग गे, तुका बोलूक येता." दोन्हीकडून पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी कोरगावची एक बाई घेरी येऊन मशिनवरच कलंडली. हात भाजता भाजता वाचला. तरी कोणी बोललं नाही. मग दसरा आला, मशिनांची पूजा, आणि आमच्या सावंतवाडीच्या लोडरनं गाऱ्हाणं घातलं, "बंद पडलेलो पंखो चालू कर रे महाराजा!" आमचा साहेब परप्रांतातला, रीत शिकलेला, सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "होय महाराजा!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब लाजून हसला, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री हजर. सगळ्या खूश. मी कपाळाला हात लावला. मी इतकं सांगितलं, ते तोंड काय भाड्यानं आणलं होतं?

आज त्याच मशिनची जाळी तुटलीय, बोटं आत जाण्यापासून अडवणारी. मी बायकांना म्हटलं, माझ्या एकटीचं साहेब ऐकत नाही, चला, सगळ्या मिळून केबिनमध्ये जाऊ. तर त्या कोरगावच्या बाईनंच, जिचा हात जाता जाता राहिला होता तिनंच, मला समजावलं, "कित्याक गे? दसऱ्याक गाऱ्हाण्यात घालूया." दसऱ्याला अजून अख्खा पावसाळा आहे, बाबा! तोवर कोणाची बोटं जायची वाट बघायची? देवाला सांगू नये असं मी म्हणत नाही. पण देव काय जाळी बसवायला येणार आहे? ज्याला बसवायचीय तो भिंतीपलीकडं बसलाय, आणि त्याला माहीतच नाही.

हा कागद मी घडी घालून ठेवतेय. खरं सांगू? मी साहेबालाच लिहायला बसले होते. वर "बाबा" कधी लिहिलं गेलं, ते मला कळलंच नाही.