बावीस वर्षांची काजळी

३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सव्वासहा

नव्या मॅडम रुजू झाल्या. स्टेशन ऑफिसर. वय चौतीस. मी या स्टेशनला लागलो तेव्हा त्या बारा वर्षांच्या असणार. हे मी कोणाला बोललो नाही, फक्त भोंग्याला बोललो. भोंग्या म्हणजे आमच्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर. सायरन बंद पडला तरी आमची गाडी अडत नाही, इतका त्याचा आवाज मोठा. त्यामुळे मॅडमनाही कळलं असावं.

पहिलाच हुकूम : प्रत्येक कॉलनंतर किट धुवायचं. कोट, बूट, हातमोजे, हेल्मेट. साबण लावून. तीस तारखेला इन्स्पेक्शन. ज्याचं किट स्वच्छ आणि धड नसेल तो गाडीवर नाही, त्याने कंट्रोल रूममध्ये बसून फोन उचलायचे.

मी हेल्मेट धुणार नाही. इथे लिहून ठेवतो.

पहिल्या गाडीतली पुढची डावी सीट माझी. नऊ वर्षं माझी. ती सीट कोणी कागदावर दिली नाही, हेल्मेटच्या रंगाने दिली. उस्तादांनी ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हेल्मेट काळं तो आपला, पिवळं तो पाहुणा. माझं इतकं काळं आहे की त्यावरचा नंबर आता फक्त मलाच वाचता येतो.

४ सप्टेंबर, मंगळवार

लेक्चर. मॅडमनी एक पांढरं फडकं घेतलं आणि सगळ्यांसमोर माझ्या हेल्मेटच्या आतून फिरवलं. फडकं काळंकुट्ट. म्हणाल्या, हे तुम्ही रोज डोक्याला चोळता, श्वासात घेता आणि घरी नेता. काजळीत काय काय असतं त्याची यादी वाचून दाखवली. यादी लांब होती.

मी उठून म्हणालो, मॅडम, हे माझं सर्व्हिस बुक आहे. टाळ्या पडतील असं वाटलं होतं. ‘सर्टिफिकेट’ वहीत काहीतरी लिहीत होता. हा आमचा सत्तावीस वर्षांचा फायरमन, आठ कोर्स केलेत आणि नववा चालू आहे. माझी सीट त्याच्या डोळ्यांत भरली आहे. वरून मला काका म्हणतो.

भोंग्या मागून म्हणाला की उजव्या बाजूचा सगळ्यात मोठा डाग डांबराचा आहे, रस्ता दुरुस्तीच्या वेळी मी हेल्मेट ओल्या डांबरावर ठेवलं होतं. हे साफ खोटं आहे. म्हणजे डांबर आहे, पण आपण तेव्हा कॉलवरच निघालो होतो.

७ सप्टेंबर, शुक्रवार

किट ड्रिल. बूट, पँट, कोट, हेल्मेट, पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क. वेळ : एक मिनिट. सर्टिफिकेट : बावन्न सेकंद. मी : दोन मिनिटं दहा सेकंद.

कारणं तीन. बूट ताठ होता. मास्कचा पट्टा कोणीतरी मुद्दाम घट्ट केला होता. तिसरं कारण मी मॅडमना सांगितलं : खऱ्या आगीत कोणी स्टॉपवॉच लावत नाही. त्या म्हणाल्या, आग लावते. यावर मी जे उत्तर देणार होतो ते मला घरी जाताना सुचलं. फार जबरदस्त होतं. आता आठवत नाही.

उद्यापासून पहाटे पळायला जाणार.

८ सप्टेंबर, शनिवार

पाऊस नव्हता, पण हवा पावसाची होती. पळणं सोमवारपासून.

नवीन हेल्मेटं आली. पिवळीधमक. घालून आरशात पाहिलं तर उकडलेल्या अंड्यातला बलक दिसत होतो. जुनी हेल्मेटं भंगारात जमा करायची होती. मी रजिस्टरमध्ये ‘जमा’ लिहून सही केली आणि माझं डब्याच्या पिशवीतून घरी आणलं.

हिने दारातच अडवलं. म्हणाली, वीस वर्षं ते बाल्कनीत राहिलंय, आताही बाल्कनीतच राहील. मी म्हणालो, अगं, ते आता रिटायर झालंय. ती म्हणाली, मग तू का नाही झालास? लग्नाला वीस वर्षं झाली की माणसं असं बोलतात, मनाला लावून घेतलं नाही.

११ सप्टेंबर, मंगळवार. रात्री साडेआठ

अपमान. सविस्तर लिहितो, पुढेमागे चौकशी झाली तर उपयोगी पडेल.

संध्याकाळी कॉल : लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली, आत एक म्हातारी बाई. मी पुढे. लिफ्टचं दार उघडायची चावी नेहमी माझ्या कोटाच्या खिशात असते. कोट धुवायला गेलेला, चावी कोटाबरोबर. म्हणजे दोष कोणाचा? धुण्याचा. सर्टिफिकेट चावी आणायला स्टेशनला पळाला.

वरच्या मजल्यावर मी पालथा पडून फटीतून आत डोकावलो. टॉर्चच्या उजेडात मावशींना आधी दिसलं ते हेल्मेट. त्यांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, नवीन आहात का? मोठं कोणी आलं नाही का?

बावीस वर्षं. रंगाच्या गोदामाची आग. केमिकलचा टँकर. आणि मी नवीन.

पुढची पस्तीस मिनिटं फुकट गेली. फटीतून काय करणार? त्या सारख्या दार ठोकत होत्या म्हणून बोलत बसलो. डावा गुडघा धरलाय त्यांचा. जिना चढवत नाही, म्हणून लिफ्ट, आणि लिफ्टची आता भीती. धाकटा भाऊ परदेशी, फोन करत नाही. मी माझ्या मेहुण्याचा किस्सा सांगितला, तो आमच्याच लिफ्टमध्ये सोफा घेऊन अडकला होता. हसल्या. चावी आली, दार उघडलं, त्यांना बाहेर काढलं. जाताना माझा हात धरून काहीतरी म्हणाल्या, माझं लक्ष नव्हतं. डोक्यात एकच घुमत होतं : नवीन आहात का.

हे हेल्मेट असंच राहणार नाही.

१५ सप्टेंबर, शनिवार

उस्तादांकडे गेलो. त्यांनी एक पत्र लिहावं, काजळीची परंपरा वगैरे, आणि मॅडमचं तोंड बंद व्हावं, असा विचार होता.

उस्ताद खुर्चीत होते. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय. ज्या माणसाच्या शिटीने शंभर जण मैदानात धावायचे, तो दोन शब्द बोलून थांबत होता. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला तो तसाच गार झाला.

मी सगळं सांगितलं. त्यांनी नाकातली नळी नीट केली. मग म्हणाले, धू. श्वास घेतला. म्हणाले, मी चुकीचं शिकवलं.

उस्ताद थकलेत. आजारपणात माणूस काहीही बोलतो. किंवा माझी परीक्षा घेत असतील, ट्रेनिंगमध्येही घ्यायचे. पत्राचा विषय काढला नाही.

पळणं पुढच्या सोमवारपासून, नक्की.

१९ सप्टेंबर, बुधवार

निर्णय झाला. जुनं हेल्मेट चालत नाही आणि नवं शोभत नाही, तर नव्यालाच जुनं करायचं. धुतलं तरी जाणार नाही अशी पक्की काजळी चढवायची. नियमाप्रमाणे स्वच्छ, दिसायला काळं. मॅडमनी फडकं फिरवावं खुशाल.

भोंग्याला विचारलं, सगळ्यात चिवट धूर कशाचा. तो म्हणाला, रबराचा. का, हे त्याने विचारलं. जनरल नॉलेज म्हणून सांगितलं.

२३ सप्टेंबर, रविवार. सुट्टी

सकाळी १०.०० — ही आणि लेक बाहेर गेल्या. बिल्डिंगच्या गच्चीवर कोणी नाही. पत्र्याचा जुना डबा, स्कूटरची फाटकी ट्यूब, अर्धी पायपुसणी. हेल्मेट तारेने कपड्यांच्या दांडीला टांगलं, डब्यापासून तीन फूट वर. दोन बादल्या पाणी, एक बादली वाळू. हौशी माणूस आणि प्रोफेशनल यांच्यात फरक असतो तो इथे.

१०.१० — पेटवलं. धूर उत्तम.

१०.१४ — धूर फारच उत्तम. वारा बदलला. शेजाऱ्यांच्या चादरी वाळत घातल्या होत्या हे आधी लक्षात आलं नव्हतं.

१०.१६ — पाण्याची बादली ओतली. जळत्या रबरावर थोडं पाणी टाकलं की ते उडतं आणि पसरतं. हे मी स्वतः चार बॅचना शिकवलंय.

१०.१९ — सायरन. आमच्याच गाडीचा. सायरनपेक्षा भोंग्याचा आवाज आधी आला.

बाकीचं रात्री लिहितो.

त्याच दिवशी, रात्री दहा

गाडी चार मिनिटं वीस सेकंदांत पोचली. पुढच्या सीटवर मी असतो तर चार मिनिटांत आली असती.

सर्टिफिकेट पाइप घेऊन गच्चीवर आला, मला पाहिलं आणि म्हणाला, काका, तुम्ही आधीच पोचलात? सुट्टीच्या दिवशीसुद्धा? मी म्हणालो, वाऱ्याच्या बाजूने या, शेजारच्या टाकीकडे लक्ष ठेवा. पुढची दोन मिनिटं मी ऑपरेशनची सूत्रं हातात घेतली. इतकी शिस्तशीर कारवाई मी वर्षभरात पाहिली नव्हती. शेजारीण खालून म्हणत होती, बरं झालं हे घरी होते.

मग मॅडम वर आल्या. दांडीकडे बघून त्यांनी विचारलं, हे हेल्मेट कोणाचं?

सगळे वर बघायला लागले. डावी बाजू वितळून खाली लोंबत होती. काळं मात्र झकास झालं होतं. नंबर स्पष्ट वाचता येत होता. माझा.

शेजाऱ्यांच्या चादरी आता मी धुवायच्या आहेत. अकरा.

२४ सप्टेंबर, सोमवार

मॅडमच्या केबिनमध्ये. त्या ओरडतील या तयारीने गेलो होतो, उत्तरं पाठ केली होती. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, माझे वडीलही पुढच्या डाव्या सीटवरच बसायचे. त्यांचा कोट दारामागे असायचा, लहानपणी मी त्यात तोंड खुपसून वास घ्यायचे. बावन्नाव्या वर्षी गेले. तुमचं वय किती?

पन्नास म्हणालो. पाठ केलेलं एकही उत्तर इथे बसत नव्हतं.

हेल्मेट बाद. नवीन यायला तीन महिने. हेल्मेट नाही तर गाडी नाही. पण इन्स्पेक्शनला सहा दिवस आहेत आणि बाल्कनीत माझा हुकमाचा पत्ता आहे. सहा दिवसांत मी मागे हटणारा माणूस नाही.

३० सप्टेंबर, रविवार. इन्स्पेक्शन

जुनं हेल्मेट घातलं आणि रांगेत छाती काढून उभा राहिलो. भोंग्या हळू आवाजात म्हणाला, काढ ते, म्हणजे सगळ्या मैदानाला ऐकू आलं. मी हललो नाही. मॅडम समोर आल्या. ‘जमा’ केलेलं हेल्मेट कुठून आलं हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, बघू. हातात घेतलं, दोन्ही अंगठ्यांनी कडेला दाबलं.

टक्.

कपाळापासून मागपर्यंत तडा. बावीस वर्षांत उष्णतेने आतून पोखरलं होतं. एका विटेने माझं डोकं गेलं असतं. हे मॅडम बोलल्या नाहीत, सर्टिफिकेट बोलला. म्हणाला, काका, तुम्ही हे घालून माझ्या पुढे आत शिरायचात. पोरगा रडतो की काय असं वाटलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणालो, नववा कोर्स पूर्ण कर.

सीट त्याला दिली. म्हणजे मॅडमनी दिली. मीही देणारच होतो.

१ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी दोन

कंट्रोल रूम. तात्पुरतं. अनुभवी कानाची इथे गरज होतीच. खुर्ची गोल फिरते. हेडफोन पांढरा, नवाकोरा. खिडकीतून पहिली गाडी दिसते, पण मागून.

सकाळपासून चार कॉल. एक चुकीचा नंबर, एक कचऱ्याची आग, एका माणसाला सिनेमाची वेळ हवी होती. एकाला मी ओरडून पत्ता विचारला तर त्याने फोन ठेवला.

साडेतीन

लिफ्टच्या मावशींचा फोन. परत अडकल्या. आवाजावरून लगेच ओळखलं. पत्ता न विचारताच गाडी सोडली.

त्या म्हणाल्या, कोणालाही पाठवा, पण मागच्या वेळचा तो चकचकीत हेल्मेटवाला पाठवा. नवीन होता बिचारा, पण त्याने भीती वाटू दिली नाही. जाताना त्याला म्हटलंही, तू आलास म्हणून निभावलं. त्याचं लक्ष नव्हतं.

मी म्हणालो, तो सध्या गाडीवर नसतो. त्यांनी विचारलं, काढून टाकला? म्हणालो, नाही, बढती मिळाली. होणारच होती, म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, आता माझ्याशी बोलणार कोण?

मी म्हणालो, गाडी येईपर्यंत मी लाइनवर आहे. डावा गुडघा कसा आहे आता?

पलीकडून ‘अगं बाई’ ऐकू आलं. मग त्या हसल्या. विचारलं, तिथे नवीन आहात का?

हो म्हणालो. आज पहिलाच दिवस.